क्षार निराळा, अल्क निराळा

शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठची उसाची जमीन बिघडली की तिला सरसकट ‘क्षारपड’ म्हटले जाते. या एका शब्दाखाली प्रत्यक्षात दोन आजार दडलेले असून एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

घोळ ‘क्षार’ या शब्दापासूनच सुरू होतो. आयुर्वेदातला यवक्षार हा जवाच्या राखेपासून काढलेला अल्कधर्मी पदार्थ आहे. शाळेच्या पुस्तकात मात्र आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून पाण्याबरोबर जे तयार होते त्याला क्षार म्हणतात, आणि पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला अल्क. खायचे मीठ क्षार आहे, पण अल्कधर्मी नाही, कारण ज्या आम्लापासून आणि अल्कापासून ते बनते ती दोन्ही तीव्र असतात. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, हाही क्षारच. परंतु त्याच्या मागचे कार्बोनिक आम्ल सौम्य असल्यामुळे कार्बोनेट आयन पाण्यातला हायड्रोजन आयन ओढून घेतो, मागे हायड्रॉक्साइड आयन उरतो आणि द्रावण अल्कधर्मी होते.

हाच फरक शेतात दिसतो. क्षारयुक्त जमिनीत प्रामुख्याने क्लोराइड आणि सल्फेट साचलेले असतात. पृष्ठभाग सुकला की पांढरा थर फुटतो, तरी सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ८.५ च्या खालीच राहतो. माती भुसभुशीत असते. पाणी समोर असूनही मुळांना ते ओढून घेता येत नाही, एवढीच तिची अडचण. चोपण, म्हणजे अल्कधर्मी, जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेला असतो आणि सामू ८.५ च्या वर जातो. कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात, जमीन ओली असता चिकट आणि वाळली की दगडासारखी होते.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर चमचाभर माती काचेच्या पेल्यात शुद्ध पाण्याबरोबर हलवून ठेवावी. क्षारयुक्त माती तळाशी बसून वरचे पाणी निवळते; चोपण मातीचे पाणी बराच वेळ गढूळच राहते. फिनॉल्फ्थॅलिन या अल्क ओळखणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकले तर चोपण मातीचे पाणी बहुधा गुलाबी होते. अर्थात दोन्ही दोष एकाच शेतात असू शकतात, म्हणून अखेरचा निर्णय माती परीक्षणावरच सोडावा.

क्षारयुक्त जमिनीला चर किंवा सच्छिद्र पाइपांचा निचरा आणि गोडे पाणी पुरते. तिथे जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. चोपण जमिनीत मात्र जिप्सम हवेच. त्यातला कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेतो आणि मोकळा झालेला सोडियम सल्फेट निचऱ्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. जमिनीत मुळातच चुनखडी असेल तर गंधकही चालते, कारण जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते आम्ल चुनखडी विरघळवून कॅल्शियम मोकळा करते. निचरा न करता केवळ जिप्सम पसरले, तर सुटलेला सोडियम तिथल्या तिथेच राहतो.