एका क्रेडिटची कल्पकता : पार्श्वभूमी

बेळगावातल्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ‘इनोव्हेशन अँड डिझाइन थिंकिंग’, म्हणजे वापरणाऱ्याची गरज ओळखून नवे घडवण्याची पद्धत, हा विषय आला तो विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या 2021 च्या स्कीममध्ये, म्हणजे अभ्यासक्रमाच्या आराखड्यात. 2022 च्या स्कीमनेही तो ठेवला. काही शाखांना पहिल्या सेमिस्टरला, बाकीच्यांना दुसऱ्या. क्रेडिट एकच, शेजारी आरोग्य, संविधान आणि कन्नड, तेही एकेका क्रेडिटचे.

विषय असावा, यावर फारसे दुमत नव्हते. खटकली ती परीक्षा. एक तास, पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. नवीन सुचण्याचे पाच टप्पे कोणते, त्यातला पहिला कोणता, हे पोर पाठ करून यायचे आणि गोळा काळा करून जायचे. सुचण्याचा संबंध येतोच कुठे? विद्यापीठाची अडचणही खोटी नाही. संलग्न कॉलेजे दोनशेच्या घरात, उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने एकाची कल्पना दुसऱ्याच्या कल्पनेशी कोणत्या मापाने ताडायची? चार पर्यायांत निदान कुणावर अन्याय होत नाही. शिवाय परीक्षा नसलेला तास आपल्याकडे रिकामाच जातो, हेही खरे. पन्नास गुण अंतर्गत आहेत, खरे काम तिथे करून घ्या, असे समर्थक म्हणतात. ते सर्वस्वी त्या त्या मास्तरवर सोडले गेले. माझ्या मते चूक इथेच झाली.

असा विषय आणायची घाई आली कुठून? 2014 मध्ये इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत पूर्ण सदस्य झाला आणि पदवीधराला काय शिकवले यापेक्षा काय जमते, हे कागदावर दाखवणे कॉलेजांना भाग पडले. आज प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नापुढे तो विचाराच्या कोणत्या पातळीचा, ते छापलेले असते. या पातळ्या ब्लूमच्या वर्गवारीतल्या; तिच्या सुधारित रूपात, म्हणजे 2001 पासून, ‘निर्माण करणे’ ही सर्वात वरची सहावी पातळी. दुसरी-तिसरी पानोपानी भेटते, सहावी शोधावी लागते. 2018 च्या देशपातळीवरच्या नमुना अभ्यासक्रमात क्रेडिट 160 वर आणले गेले आणि सुरुवातीला तीन आठवड्यांचा परिचयवर्ग आला, त्यात चित्रकला-संगीतही होते.

त्याआधीचे थोडक्यात. शहरात 1979 मध्ये इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली, तेव्हा कारभार धारवाडच्या विद्यापीठाचा. तांत्रिक विद्यापीठ 1998 चे. कल्पकतेला वेगळा तास नव्हता, फायनल इयरचा प्रोजेक्ट होता. अमेरिकेत हा विषय 1950 मधल्या एका मानसशास्त्रज्ञाच्या अध्यक्षीय भाषणाने आणि 1957 च्या स्पुटनिकने पुढे रेटला, पण ती हवा इकडे पोचायला अर्धशतकाहून जास्त काळ लागला.

शब्दाचा गुंता मात्र आपला स्वतःचा आहे. कन्नडमध्ये ‘सृजनशीलते’, मराठीत कुणी ‘सर्जनशीलता’ लिहितो, कुणी ‘सृजनशीलता’. व्याकरणाने ‘सर्जन’ बरोबर, कारण ‘सृज्’ धातूचे रूप तेच; ‘सृजन’ रूढीने आत आले. ‘इनोव्हेशन’ला सरकारी मराठी ‘नवोन्मेष’ म्हणते. हा उन्मेष मुळात काव्यशास्त्रातला, ‘नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा’ म्हणजे कवीची प्रतिभा. तो पंपाच्या डिझाइनला लावला की खानापूरहून मराठी शाळेतून आलेल्या मुलाला इंग्रजी शब्दच सोपा वाटतो. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या फौंड्रीत यातला एकही शब्द चालत नाही. ओतलेले लोखंड निवताना आकसते, म्हणून पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, तेवढा मोठा करावा लागतो. कुठे किती, आतली पोकळी राखणारा कोअर कसा बसवायचा, यासाठी ‘डोकं लावावं लागतं’ एवढेच म्हणतात.

2021 मध्येच मराठी आणि कन्नडसह आठ भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला देशपातळीवर परवानगी मिळाली. सीमाभागातल्या पोराचा पेपर तरीही इंग्रजीच राहिला. ग्रुपमध्ये कल्पना मराठीत निघते, अर्धी कन्नडमध्ये पुरी होते आणि रिपोर्टात इंग्रजीत उतरते. अंतर्गत पन्नासपैकी गुण पडतात ते त्या शेवटच्या पायरीला.