कानात सतत आवाज येतो? मशीन घेण्याआधी हे वाचा

आम्ही ऐकण्याची मशीन विकतो. आमच्याकडे येणारे बरेच जण ऐकू येत नाही म्हणून नाही, तर "कानात रातकिडे ओरडतात" म्हणून येतात. कोणाला शिट्टी ऐकू येते, कोणाला सूं सूं. बाहेर काहीच वाजत नसतं, आणि रात्री गाव शांत झालं की त्रास वाढतो. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. हा स्वतः आजार नाही, कशाचं तरी लक्षण आहे. डोकं फिरल्याचं तर अजिबात नाही.

आपल्याकडे याचं एक मोठं कारण म्हणजे मोठा आवाज. सोयाबीनच्या हंगामात दिवसभर हडंब्यावर (मळणी यंत्रावर) उभं राहणं, जिनिंगमधली पाळी, वरातीतला डीजे, जागलीवर रानडुकरं हाकलायला फोडलेले सुतळी बॉम्ब. आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी आतल्या कानात असतात. त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज ८ तास काम केलं, तर हळूहळू हेच होतं. डेसिबल मोजायला कोण बसतं? हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर कान झाका. कापसाच्या बोळ्याने फारसं भागत नाही, फोमचे इअरप्लग घ्या.

बाकी कारणं: वय, कानातला मळ, कान वाहणं, वाढलेलं बीपी. काही औषधांनीही होतं, जसं क्विनाईन, जास्त डोसची ॲस्पिरिन, टीबीची काही इंजेक्शनं. पण म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

मळ असेल तर तो काढल्यावर आवाज कधी कधी तिथेच थांबतो. पण काडी घालू नका, लसणाचं गरम तेलही नको. पडद्याला भोक असेल तर दुखणं वाढतं. आवाज कायमचा बंद करणारी गोळी आज तरी नाही. बाजारात तशा बाटल्या मिळतात, ते पैसे वाचवा. आम्ही मशीन विकतो, तरी सांगतो: ऐकणं कमी झालं असेल तरच मशीनचा उपयोग. बाहेरचे आवाज नीट येऊ लागले की आतला मागे पडतो. ऐकणं चांगलं असेल तर रात्री पंखा किंवा हळू आवाजात रेडिओ सुरू ठेवा. झोप उडाली असेल, मन खचलं असेल, तर समुपदेशनाने खरंच फरक पडतो.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर आमच्याकडे येऊच नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा. उपचार लवकर सुरू झाले तरच ऐकणं परत येण्याची आशा जास्त. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासोबत येत असेल, किंवा चक्कर येत असेल, तरी आधी डॉक्टरच. नागपूरचं मेडिकल, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, यवतमाळ आणि अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे कान-नाक-घसा विभाग आहे.

तपासणीला येताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा. आदल्या दिवशी हडंब्यावर किंवा डीजेजवळ थांबू नका, नाहीतर तपासणीत ऐकणं आहे त्यापेक्षा कमी दिसतं.