दोष पावडरचा, की अपुऱ्या दिवसांच्या आतड्याचा?

जुलै 2024 मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या ज्यूरीनं ॲबट कंपनीला 49.5 कोटी डॉलर भरायला सांगितलं. त्याच वर्षी मार्चमध्ये इलिनॉयमध्ये मीड जॉन्सनला 6 कोटींचा दणका बसला होता. दोन्ही खटले अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे. गाईच्या दुधाच्या पावडरमुळे आतड्याचा गंभीर आजार होऊ शकतो, हे कंपन्यांनी सांगितलं नाही असा आरोप. अशा बातमीचा व्हॉट्सॲपवर ‘डब्यात विष’ व्हायला वेळ लागत नाही. पण आतड्यात जे घडतं ते विषबाधेसारखं मुळीच नाही.

आजाराचं नाव नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नुसतं ‘नेक’. दीड किलोच्या आत वजन असलेल्या शंभर बाळांपैकी साधारण पाच ते दहा जणांना तो होतो, आणि झालेल्यांपैकी वीस ते तीस टक्के दगावतात. काचेच्या पेटीतलं बाळ दोन-तीन आठवडे बरं चाललेलं असतं. नळीनं दिलेलं दूध पचत असतं, वजन रोज थोडंथोडं चढत असतं. मग एखाद्या पाळीत नर्सच्या लक्षात येतं की पोट फुगलंय, कातडी ताणून चकाकतेय, नळीतून हिरवट पाणी उलटं येतंय. कधी शीमध्ये रक्त दिसतं. एक्स-रेमध्ये हवेचे बारीक बुडबुडे दिसतात, तेही आतड्याच्या पोकळीत नव्हे, थेट भिंतीत. हा वायू जिवाणूंनी तयार केलेला असतो.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे दिवस न भरणं. ‘सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही’ हे अजूनही ठासून सांगणारे भेटतात. गणित नेमकं उलट आहे: पोटात काढलेल्या प्रत्येक जादा आठवड्यागणिक धोका कमी होतो. असं का, हे समजून घ्यायचं तर टीएलआर-4 नावाच्या प्रथिनाकडे यावं लागतं, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे.

ई. कोलाय, क्लेबसिएला अशा जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात लायपोपॉलीसॅकराइड नावाचा रेणू असतो. तो आतड्याच्या पेशीवरच्या टीएलआर-4 ला चिकटला की पेशी धोक्याचा इशारा देते. गर्भात मात्र हेच प्रथिन आतड्याच्या पेशींची घडण ठरवण्यात भाग घेतं, म्हणून तेव्हा ते भरपूर असतं आणि दिवस भरत येतील तसं ओसरतं. जन्माआधी गवंडी, जन्मानंतर पहारेकरी. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाहेर आलेल्या बाळाच्या आतड्यात गवंडीकाम चालूच असतं, आणि तेवढ्यात जिवाणू येऊन पोचतात.

पुढचा घटनाक्रम जॉन्स हॉपकिन्समधल्या डेव्हिड हॅकम यांच्या गटानं मुख्यतः उंदरांच्या पिल्लांवर उलगडला. इशारा सुटताच अस्तरातल्या पेशी मरू लागतात, आणि खालच्या खळग्यांतून नव्या पेशी वर सरकून जागा भरण्याचं कामही थंडावतं. मरण आणि दुरुस्तीबंदी एकदमच. भगदाडातून जिवाणू आत घुसतात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत पोचतात. तिथंही टीएलआर-4 असतंच. तिथं ते जागं झालं की नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर, म्हणजे एंडोथेलियल नायट्रिक ऑक्साइड सिंथेज, घटतं. नायट्रिक ऑक्साइड वाहिन्या सैल ठेवतो. तो कमी पडला की त्या आकसतात, रक्ताचा पुरवठा तुटतो आणि आणखी पेशी मरतात. अस्तरातलं टीएलआर-4 काढून टाकलेली पिल्लं या फेऱ्यातून वाचतात. आजार पहिल्याच दिवशी न येता काही आठवड्यांनी का येतो, याचाही धागा इथंच आहे: असे जिवाणू आतड्यात माजायला वेळ लागतो.

आता दुधाकडे. गर्भजलात ईजीएफ नावाचा वाढीचा घटक असतो, तो टीएलआर-4 ला आवरतो. पोटातलं बाळ ते पाणी सतत गिळत असतं. लवकर जन्मलं की हा पुरवठा एका क्षणात बंद होतो, आणि तो पुन्हा सुरू करणारी एकच गोष्ट असते, आईचं दूध. त्यातही पहिला चीक. शिवाय दुधातल्या विशिष्ट शर्करा आणि प्रतिपिंडं जिवाणूंना वेसण घालतात. ब्रिटनमध्ये 926 बाळांच्या पाहणीत 1990 साली दिसलं की, फक्त पावडरवरच्या बाळांत नेकचं प्रमाण फक्त आईच्या दुधावरच्या बाळांच्या सहा ते दहा पट होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकी सरकारी संस्थांनी म्हटलं तेही हेच: धोक्याचा संबंध पावडर दिल्याशी नसून मानवी दूध न मिळण्याशी दिसतो. मला हे पटतं. पण म्हणून पावडर आईच्या दुधाच्या तोडीची ठरत नाही.

बाकीचे धोके झरझर सांगतो. संसर्ग सिद्ध न होता लांबवलेली अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारी औषधं, दोन्हींनी धोका वाढलेला आढळतो. दूध अगदी हळूहळू वाढवलं की नेक टळतो असं पूर्वी मानत. ब्रिटन-आयर्लंडमधल्या सुमारे 2,800 बाळांच्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. ‘चांगले जिवाणू’ विकणाऱ्यांचा गाजावाजा मोठा आहे, पण 2023 मध्ये एफडीएनं, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेनं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत इशारा दिला, कारण तेच जिवाणू रक्तात शिरून जिवावर बेतू शकतात. मध चाटवणं आणि बाळगुटी यांबद्दल एवढंच: अशा बाळाच्या तोंडात डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज काहीही घालू नये.

आईला दूध उतरत नसेल तर दुसऱ्या मातेचं चालतं. आशियातली पहिली दुग्धपेढी 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली. पेढीत दूध 62.5 अंशांवर तीस मिनिटं तापवतात. त्यात जिवंत पेशी मरतात, प्रतिपिंडं काही प्रमाणात जातात, शर्करा मात्र टिकतात. पावडरच्या तुलनेत अशा दुधावर नेक जवळपास निम्म्यावर येतो. वजन मात्र सावकाश वाढतं, म्हणून त्यात प्रथिनं-खनिजांची पूड मिसळावी लागते, आणि ही पूड बहुधा गाईच्या दुधाचीच असते. ती केव्हा सुरू करायची आणि किती घालायची, यावर एनआयसीयूंमध्ये आजही एकमत नाही.