कॉम्प्युटरमधलं गाणं स्टिरिओपर्यंत कसं पोहोचलं

एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी जोडी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एमपी३ पसरलं, तेव्हा बहुतेकांनी हीच वायर आणली. एक टोक कॉम्प्युटरच्या हेडफोन जॅकमध्ये, दुसरं अॅम्प्लिफायरच्या मागे ‘ऑक्स’मध्ये. गाणं वाजायचं. पण दोन ओळींमधल्या शांततेत बारीक घरघर ऐकू यायची आणि माऊस हलवला की तिच्यात किरकिर मिसळायची.

या त्रासाचं मूळ जागेत होतं. फाइलमध्ये साठवलेल्या आकड्यांमधून आवाजाची लहर तयार करणारी चिप, म्हणजे डॅक, कॉम्प्युटरच्या डब्यातच बसलेली. शेजारी प्रोसेसर, डिस्क, पॉवर सप्लाय. त्यांचा विजेचा गोंगाट त्या नाजूक लहरीत उतरणारच. त्यात दोन्ही उपकरणांचं अर्थिंग वायरमधून एकमेकांना जोडलं गेलं की ५० किंवा ६० हर्ट्‌झची गुणगुण सुरू. पुढचा सगळा इतिहास मला एकाच धडपडीचा वाटतो: डॅकला डब्यातून बाहेर काढून अॅम्प्लिफायरजवळ नेण्याचा.

वाट आधीच पडलेली होती. सीडी १९८२ साली आली आणि पुढच्याच वर्षी तोशिबाने टॉसलिंक ही प्रकाशावर चालणारी केबल काढली. तिच्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे अर्थिंगची गुणगुण तिथेच तुटते. १९९६ नंतर यूएसबीमुळे बाहेरचा डॅक जोडणंही सोपं झालं. तरी कॉम्प्युटर एका खोलीत आणि स्टिरिओ दुसऱ्या खोलीत, ही अडचण उरलीच.

ती सोडवली नेटवर्कने. २००१ साली स्लिम डिव्हाइसेसने ‘स्लिमपी३’ आणला: डिस्क नसलेला छोटा प्लेअर, जो इथरनेट या नेटवर्कच्या वायरवरून कॉम्प्युटरमधलं एमपी३ मागवून घ्यायचा. आकडे पोहोचायचे, गोंगाट मागेच राहायचा. त्याच कंपनीच्या २००३च्या स्क्वीझबॉक्स या प्लेअरने वायफाय आणलं. २००४ साली अॅपलचा एअरपोर्ट एक्स्प्रेस हा छोटा वायफाय डबा आला, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणारा. त्याचा जॅक पाहण्यासारखा आहे: साधी पिन घातली तर आतल्या डॅकचा आवाज मिळतो, त्याच भोकात ऑप्टिकल पिन घातली तर प्रकाशातून जसेच्या तसे आकडे. गाणं वाटेत लॉसलेस पद्धतीने जायचं, म्हणजे काहीही न गाळता. ब्लूटूथ सोयीचं असलं, तरी ते सहसा आवाज पुन्हा दाबून त्यातलं काही गाळतंच, आणि जपून सीडीवरून उतरवलेल्या संग्रहासाठी मला ते पटत नाही.

गाण्यांची लायब्ररीही बदलली. २००१च्या फ्लॅक या फाइलच्या प्रकारामुळे सीडीचा आवाज तसाच्या तसा, पण कमी जागेत ठेवता येऊ लागला.

स्लिम डिव्हाइसेसला २००६ साली लॉजिटेकने विकत घेतलं आणि २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स बंद झाला. मात्र त्याला कॉम्प्युटरवरून गाणी पुरवणारा सर्व्हर प्रोग्रॅम पहिल्यापासून मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येणारा, असल्यामुळे टिकला. आज तो ‘लिरिअन म्युझिक सर्व्हर’ या नावाने चालतो, आणि त्याला जोडलेल्या रास्पबेरी पाय या इवल्याशा कॉम्प्युटरवर छोटा डॅक बसवून तो अॅम्प्लिफायरला लावला की जुन्या स्टिरिओवर लायब्ररी वाजते.