भांडणाबाहेरची भाषा : गोव्याच्या दहावीत हिंदी कशी येऊन बसली

16 एप्रिल 2025 रोजी महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवायचा निर्णय काढला. जूनमध्ये त्यात थोडी सारवासारव झाली, आणि 29 जूनला सगळेच मागे घ्यावे लागले. हा गदारोळ चालू असताना पत्रादेवीच्या नाक्याच्या अलीकडे, म्हणजे गोव्यात, मराठी घरांतसुद्धा फारसा ताप चढला नाही. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना याचे नवल वाटले. 'तुमच्याकडे हिंदी दुसरी भाषा, मराठी तिसरी, आणि तुम्ही गप्प कसे?' असा प्रश्न लग्नकार्यात हमखास यायचा. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र बरेच मागे जावे लागते.

पोर्तुगीज अमदानीत परीक्षेच्या भाषा वेगळ्याच होत्या. 1684 मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढून लोकांनी आपली बोली टाकावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी असे फर्मावले होते. लोकांनी बोली टाकली नाही, हे उघडच आहे. पण सरकारदरबारी चालणारे शिक्षण पुढे पोर्तुगीजमधूनच राहिले. ज्याला सरकारी नोकरी हवी त्याने आधी प्राथमिकचा 'सेगुंद ग्राव' काढायचा आणि जमल्यास पणजीच्या लिसेंवात, म्हणजे सरकारी माध्यमिक शाळेत, जायचे. हे लिसेंव 1854 चे. तिथे पोर्तुगीज, फ्रेंच, लॅटिन. हिंदीचे नाव कुठून येणार?

1910 मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. धर्म आणि राज्यसत्ता यांची फारकत झाली, आणि हिंदूंना संस्था काढायला मोकळीक मिळाली. फोंड्याचे गोवा विद्या प्रसारक मंडळ 1911 चे, ते याच वाऱ्याचे फळ. मराठी शाळा गावोगाव होत्याच, बऱ्याच देवळांच्या आधाराने चाललेल्या. आता त्यांना इंग्रजी शाळांची जोड मिळाली, कारण मुंबईची मॅट्रिक इंग्रजीतून व्हायची आणि नोकरी मुंबईतच होती. म्हणजे 1961 च्या मुक्तीच्या आधीच गोव्यातल्या मराठी मुलाच्या वाट्याला तीन भाषा आल्या होत्या : घरची कोकणी, पाटीवरची मराठी, पोटाची इंग्रजी. वर सरकारची पोर्तुगीज. यात चौथी-पाचवी म्हणून हिंदी शिकायला कोण बसणार!

तरीही हिंदी कानावर होती. 1952 पासून रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सेन्सॉरला बातम्या अडवता आल्या तरी गाणी अडवता आली नाहीत. त्या गाण्यांतले व्हायोलिन आणि ट्रम्पेट कित्येकदा गोंयकारच वाजवत होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधणारे सेबास्टियन डिसोझा, ही मंडळी चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, शिकून मुंबईला गेली होती. गाणारी मंगेशकर मंडळी मूळ मंगेशीची. तेव्हा गोव्याने हिंदी वाचण्याच्या आधी वाजवली आणि ऐकली. पुढे शाळेत हा विषय आला तेव्हा तो परका वाटला नाही, त्याचे निम्मे श्रेय सिनेमाला द्यायला हवे. समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी 18 जून 1946 रोजी मडगावात सभा घेऊन गोवामुक्तीच्या लढ्याची ठिणगी टाकली, आणि लोहिया म्हणजे 'अंग्रेजी हटाओ'चे पुढारी, म्हणून गोव्यातल्या हिंदीचे नाते त्यांच्याशी जोडायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. त्या सभेचा विषय नागरी स्वातंत्र्याचा होता, भाषेचा नव्हता.

खरी सुरुवात 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाल्यानंतरची. गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि दिल्लीहून, शेजारच्या राज्यांतून प्रतिनियुक्तीवर अधिकारी आले. पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या कारकुनाला एका रात्रीत इंग्रजी कागद वाचायची वेळ आली. पोर्तुगीज माध्यमाच्या शाळा ओस पडू लागल्या. माध्यमिक शाळांनी पुण्याच्या बोर्डाची एसएससी धरली. तेव्हाची ती अकरावीची. 1962 मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले अशी दोन कॉलेजे निघाली, तीही मुंबई विद्यापीठाची. अभ्यासक्रम महाराष्ट्राचा, म्हणून हिंदीही त्या वाटेने आली. शिकवायला माणसे हवीत, तर वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या कोविद, रत्न आणि पुण्याच्या राष्ट्रभाषा सभेच्या प्रवीण, पंडित या परीक्षा त्या काळी हिंदी मास्तर घडवायचे काम करीत. मडगावच्या गोमंतक राष्ट्रभाषा विद्यापीठासारख्या संस्थांनी इथेही 'राष्ट्रभाषेच्या परीक्षा' घरोघरी नेल्या. शनिवारी दुपारी शाळेच्या रिकाम्या वर्गात या परीक्षांचे वर्ग भरत, आणि शेजारच्या दोन-चार गृहिणीही मुलांच्या बाकांवर येऊन बसत.

त्रिभाषा सूत्र याच सुमारास पक्के होत होते. 1956 मध्ये केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने ते मांडले, 1961 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने सोपे केले, कोठारी आयोगाने 1964 ते 66 या काळात त्यावर पुन्हा हात फिरवला आणि 1968 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ते छापून आले. अहिंदी राज्यांसाठी सूत्र सरळ : तिथली प्रादेशिक भाषा, हिंदी आणि इंग्रजी. तमिळनाडूने 1965 च्या आंदोलनानंतर ते धुडकावले. गोव्यात मात्र घोळ हिंदीपाशी झाला नाही, तो पहिल्याच शब्दापाशी झाला. प्रादेशिक भाषा कोणती?

डिसेंबर 1963 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे सरकार आले आणि खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या वाड्यावर कुणी पाटी पाहिली नव्हती तिथे मराठी शाळा पोचली. बहुजन समाजाच्या आजच्या पन्नाशी-साठीतल्या पिढीला हे कुणी सांगावे लागत नाही. दुसऱ्या बाजूला कोकणीवाद्यांचे म्हणणे, घरात जी बोलतो ती शाळेत का नको? 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रातले विलीनीकरण सुमारे 34 हजार मतांनी हरले. 1975 मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला मान्यता दिली. 1985 नंतर राजभाषेचे आंदोलन पेटले, त्यात माणसे दगावली, आणि 4 फेब्रुवारी 1987 रोजी राजभाषा कायदा झाला : देवनागरी कोकणी राजभाषा, आणि सरकारी कामांसाठी मराठीचाही वापर. मे महिन्यात घटक राज्य झाले.

या पंचवीस वर्षांत शाळेचे वेळापत्रक कोणासाठी थांबणार नव्हते. प्रादेशिक भाषेच्या खुर्चीवर दोघांचा दावा. तीवर कोणालाही बसवले तरी अर्धा गोवा रस्त्यावर. इंग्रजी आणि हिंदी यांच्या खुर्चीबद्दल मात्र कुणाची तक्रार नव्हती. हिंदी ना बामणाची, ना बहुजनाची, ना हिंदूची, ना किरिस्तांवाची (ख्रिश्चनाची). बोर्डालाही ती सोयीची होती. 1975 च्या कायद्याने गोव्याला स्वतःचे माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ मिळाले, पण नावात दमण आणि दीवही होते, आणि तिकडच्या घरांत बोलत गुजराती. तिन्ही तुकड्यांत सारखीच चालेल अशी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शोधायची तर हिंदीवाचून काय होते?

मग माध्यमिक शाळा बहुतेक सगळ्या इंग्रजी माध्यमाच्या झाल्या. मराठी प्राथमिक शाळेतून आलेला मुलगाही पाचवीत इंग्रजीत जाऊन बसला आणि त्याच वर्षी त्याच्या दप्तरात हिंदीचे पुस्तक आले. दहावीला पोचेपर्यंत मांडणी ठरून गेली : पहिली भाषा इंग्रजी, दुसरी हिंदी, तिसरी मराठी किंवा कोकणी. आम्ही मराठीवाले आणि कोकणीवाले एकमेकांशी इतकी वर्षे भांडलो आणि शेवटी दोघेही एकाच तिसऱ्या बाकावर येऊन बसलो. हे कुणी कट करून केले असे मला वाटत नाही. आमच्याच हट्टाने ते झाले.

यात एक गोष्ट मात्र भली झाली, आणि तिची नोंद क्वचितच होते. सासष्टी-बार्देशातल्या किरिस्तांव घरांतून कोकणी रोमी लिपीत वाचली जाते. प्रार्थना, तियात्राची (कोकणी नाटकाची) जाहिरात, साप्ताहिक सगळे रोमीत. इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळेतून आलेल्या अशा मुलाला देवनागरी पहिल्यांदा भेटली ती हिंदीच्या पुस्तकात. बाराखडी त्याने हिंदी म्हणून गिरवली. पुढे 1987 चा कायदा देवनागरी कोकणीचा झाला, तेव्हा तो वाचू शकणाऱ्या कितीतरी किरिस्तांव तरुणांची देवनागरीची पुंजी हिंदीच्या तासाची होती. कोकणीच्या देवनागरीचा मार्ग हिंदीने झाडून ठेवला, असे म्हटले तर दोन्हीकडचे माझ्यावर रागावतील.

मराठी मुलाला हिंदी सोपी जाते, हा समज अर्धाच खरा. लिपी तीच, शब्द ओळखीचे, म्हणून तो पुस्तक उघडतच नाही आणि निबंधात सापडतो. मराठीत नपुंसकलिंग आहे, हिंदीत ते नाही. मग 'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी होते आणि उत्तरपत्रिकेत 'मेरा पुस्तक' उमटते. 'ने'ची गंमत त्याहून मोठी. मराठीत 'रामाने आंबा खाल्ला' म्हणतो, पण स्वतःवर आले की 'मी आंबा खाल्ला'. तिथे प्रत्यय लागत नाही. म्हणून मराठी शाळेतला मुलगा बिनधास्त 'मैं आम खाया' लिहून मोकळा होतो. कोकणी बोलणारा 'हांवें आंबो खालो' म्हणतो. त्याचा 'हांव' (मी) अशा वाक्यात कर्ता झाला की 'हांवें' होतो, आणि 'मैंने' त्याला आपोआप सुचते. गोव्यातल्या मराठी मुलाच्या घरची बोली बहुधा कोकणीच असते, तरी परीक्षेत तो मराठीच्या व्याकरणाने हिंदी लिहितो. जुने हिंदी मास्तर यावर एकच उपाय करीत : फळ्याच्या कोपऱ्यात तिन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून ठेवीत आणि वर्षभर पुसू देत नसत.

वर्गही आता तो राहिला नाही. वास्को बंदर, दाबोळीचा नौदलाचा तळ, किनाऱ्यावरची हॉटेले आणि बांधकामे यांनी बाहेरची कुटुंबे आणली. 2011 च्या जनगणनेत गोव्यात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 11 टक्के होते आणि हिंदी सांगणारे जवळजवळ 10 टक्के. म्हणजे द्वितीय भाषेचा पेपर लिहिणाऱ्यांत काहींची ती मायबोलीच आहे. त्यांच्या शेजारी बसलेल्या मुलीने हिंदी सिनेमातून आणि म्हापशाच्या बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करून उचललेली असते. बोलण्यात ती मागे नसते. पत्रलेखनाच्या 'महोदय, सविनय निवेदन है'शी गाठ पडली की अडते. पेपर अजून साहित्य, व्याकरण, निबंध, पत्र या चाकोरीतलाच.

हिंदीची जागा कुणी खरोखर मागितली असेल तर ती फ्रेंचने. शहरी इंग्रजी शाळांत दुसऱ्या भाषेला फ्रेंच हा पर्याय बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि तो घेणाऱ्यांच्या मनात पॅरिसपेक्षा टक्केवारी जास्त असते. ज्या भाषेत निबंध सहा वाक्यांचा लिहावा लागतो तिच्यात गुण पडतात, हा हिशेब पालकांना लवकर कळला. पोर्तुगीजही काही शाळांत उरली आहे, आजोबांच्या आठवणीसाठी थोडी आणि लिस्बनच्या पासपोर्टसाठी बरीच.

आता 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने नवे कलम आणले आहे. तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय मूळच्या हव्यात. कोणत्या, ते राज्याने आणि विद्यार्थ्याने ठरवायचे, सक्ती कुठल्याही एका भाषेची नाही. कागदावर पाहिले तर हिंदीची सक्ती गेली. गोव्यात हे कलम लावून पाहा. इंग्रजी, हिंदी आणि मराठी घेणाऱ्याला, किंवा इंग्रजी, हिंदी आणि कोकणी घेणाऱ्याला, काहीच बदलावे लागत नाही. इंग्रजी, फ्रेंच आणि कोकणी घेणाऱ्याच्या हिशेबात मात्र भारतीय भाषा एकच भरते. त्याला फ्रेंच सोडून दुसरी भारतीय भाषा घ्यावी लागेल. मराठी आणि कोकणी अशी जोडी घ्यायला कोणतीच आडकाठी नाही, पण एकाच मुलाला दोन्ही शिकवा असे म्हणणारे इथे दोन्ही गटांत कमी. तेव्हा शाळा त्याच्या हातात पुन्हा हिंदीचेच पुस्तक ठेवील.