बैठ्या कामातील हालचालीचे ब्रेक

खुर्चीत बसून काम करणाऱ्यांनी थोड्या थोड्या वेळाने उठून एक ते पाच मिनिटे चालणे, जिना चढणे किंवा हातपाय मोकळे करणे, याला हालचालीचा ब्रेक म्हणतात. रोजच्या व्यायामाची जागा तो घेत नाही. सलग बसणे मोडणे एवढाच त्याचा हेतू आहे, आणि सकाळी पळून येणाऱ्यांनाही त्याची गरज असते.

बैठ्या धंद्यांतील दुखण्यांची नोंद इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी यांनी १८व्या शतकाच्या आरंभीच केली होती. निदान सुट्टीच्या दिवशी तरी व्यायाम करा, असा त्यांचा सल्ला होता. १९५३ साली जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून बस हाकणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त आढळला. पुढे गणवेशाची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांचे कंबरेचे घेर मुळातच मोठे निघाले. त्यामुळे सगळा दोष बसण्यावर टाकता येत नाही, पण या विषयाच्या संशोधनाला खरी चालना इथूनच मिळाली.

बसल्यावर मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू जवळजवळ स्वस्थ पडतात. हेच स्नायू आकुंचन पावताना रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी इन्सुलिनवर पूर्णपणे अवलंबून नसतात. पोटरी आवळली की पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. म्हणूनच जेवणानंतरचा ब्रेक विशेष मोलाचा. ऑस्ट्रेलियात डेव्हिड डन्स्टन व सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, वजन जास्त असलेल्या १९ जणांना गोड पेय दिल्यानंतर दर २० मिनिटांनी २ मिनिटे चालवले. सलग बसण्याच्या तुलनेत रक्तशर्करेची वाढ संथ चालण्यानेही सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाली. भरभर चालून त्यात थोडीच भर पडली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील २०२३च्या प्रयोगात दर अर्ध्या तासाला ५ मिनिटे चालणे सर्वांत गुणकारी ठरले. त्यात मात्र ११च जण होते. असे प्रयोग लहान आणि काही तासांपुरते असतात, त्यामुळे मिनिटांचा हा हिशेब अजून पक्का मानू नये.

नुसते उभे राहून काम करणे हा याला पुरेसा पर्याय नाही. तासन्‌तास उभे राहिल्यानेही पाय आणि कंबर दुखते. जागा नसेल तर खुर्चीपाशीच बरेच साधते: पावले जमिनीवर सपाट टेकवून, थोडे पुढे वाकून, हातांचा आधार न घेता उठावे आणि तितक्याच सावकाश बसावे. असे दहा वेळा केले की मांड्या तापतात. मग टेबलाला धरून टाचा उचलाव्यात. व्हीलचेअर वापरणाऱ्यांना खांदे व हातांच्या हालचाली करता येतात.

मोबाइलचा गजर सुरुवातीला उपयोगी पडतो, पण काही दिवसांत तो न उठताच बंद करण्याची सवय लागते. फोन आला की उभे राहणे, पाण्याची बाटली लहान ठेवणे, शेजारच्या विभागाला मेसेज न टाकता चालत जाऊन विचारणे, अशी कामाला जोडलेली हालचाल जास्त टिकते. कॉल सेंटरसारख्या ठिकाणी जागेवरून उठल्याच्या मिनिटांचीही नोंद होते. तिथे कर्मचाऱ्याला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. ब्रेक कामाच्या वेळापत्रकातच धरावा लागतो आणि ते व्यवस्थापनाच्या हातात असते.