पिवळी तार नेमकी कशाची? कॅबिनेटच्या पंख्यामागचा इतिहास

पीसीच्या कॅबिनेटचा पंखा बदलणे हे चार स्क्रूंचे काम. घोडे अडते ते तारेच्या टोकाशी. मोलेक्समध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याकडून येणाऱ्या चार तारांच्या जुन्या प्लगमध्ये, पिवळी तार 12 व्होल्टची असते. तीन पिनांच्या बहुतेक पंख्यांत 12 व्होल्ट लाल तारेत असतात आणि पिवळी फक्त वेग कळवते. इंटेलच्या चार पिनांच्या आराखड्यात पिवळी पुन्हा 12 व्होल्टची. आजकाल तर अनेक कंपन्या सगळ्याच तारा काळ्या देतात. त्यामुळे रंगावर विसंबू नये, पिनांचा क्रम पाहावा.

1981 च्या आयबीएम पीसीतल्या 8088 प्रोसेसरवर हीटसिंकही (उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा) नव्हता. 63.5 वॅटच्या एसएमपीएसमधला (वीजपुरवठ्याच्या डब्यातला) एकच पंखा सगळ्या पेटीची हवा ओढायचा. 1993 च्या पेंटियमपर्यंत उष्णता पंधरा वॅटच्या आसपास गेली आणि वेगळे पंखे आले. त्यांना वीज मिळाली हार्ड डिस्कच्याच मोलेक्सवरून: पिवळी आणि काळी तार जोडलेली, 5 व्होल्टची लाल मोकळी. पंखा कायम पूर्ण वेगात, आणि जाम झाला तरी मदरबोर्डला पत्ता नाही.

म्हणून तिसरी तार आली. पंखा एका फेऱ्यात दोनदा ही तार ग्राउंडला (शून्य व्होल्टला) ओढतो आणि बोर्ड ते ठोके मोजतो. सेकंदाला 40 ठोके म्हणजे मिनिटाला 1200 फेरे. वेग कमी करायचा तर व्होल्टेजच उतरवावे लागे, आणि फार उतरवले की पंखा सुरूच होत नसे. हौशी लोक काळी तार मोलेक्सच्या लाल तारेला जोडून 12 उणे 5, म्हणजे 7 व्होल्ट मिळवत. ही युक्ती आज करू नये: पंख्याचा प्रवाह 5 व्होल्टच्या लाइनीत घुसतो आणि तिच्यावर पुरेसा भार नसेल तर तिचे व्होल्टेज चढते.

चौथी पिन 2004 मध्ये इंटेलच्या एलजीए 775 या प्रोसेसर सॉकेटबरोबर रुळली. 115 वॅटपर्यंत तापणाऱ्या पेंटियम 4 ला वेगावर बारीक ताबा हवा होता. यात 12 व्होल्ट कायम राहतात, वेगाचा हुकूम 25 किलोहर्ट्झच्या पीडब्ल्यूएम, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या, संकेतातून जातो. ही वारंवारता कानाच्या पल्ल्यापलीकडची, म्हणून गुणगुण ऐकू येत नाही. संकेत नसेल तर पंखा पूर्ण वेग धरतो. बोर्डावरची प्लास्टिकची पट्टी पहिल्या तीन पिनांपाठीच ठेवली, त्यामुळे जुना पंखा नव्या हेडरवर (बोर्डावरच्या पिनांच्या जोडावर) आणि नवा जुन्यावर बसतो. हे फार शहाणपणाचे झाले.

तीन पिनांचा पंखा नव्या बोर्डावर भणाणत असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) त्या हेडरचा मोड पीडब्ल्यूएमऐवजी डीसी करा, म्हणजे वेग व्होल्टेजने बदलेल. एका हेडरची मर्यादा सहसा 1 अँपिअर. 0.25 अँपिअरचे तीन पंखे स्प्लिटरवर (एका हेडरचे अनेक फाटे करणाऱ्या तारेवर) चालतील, पण सुरू होताना ओढ जास्त असते, म्हणून चौथ्याचा मोह नको. वेगाची तार त्यातल्या एकाच पंख्याची जोडलेली असावी, नाहीतर आकडे भलतेच दिसतात.

ब्रँडेड ऑफिस पीसींनी मात्र स्वतःची चूल मांडली: कुठे पाच पिना, कुठे 2.54 ऐवजी 2 मिलिमीटर अंतर, कुठे क्रमच निराळा. अशा ठिकाणी मल्टिमीटरची काळी प्रोब कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावून 12 व्होल्टची पिन आधी शोधावी. अंतर 2.54 असेल तर पीसी बंद करून, पिनेची धातूची जीभ सुईने दाबून पिना बाहेर काढाव्यात आणि क्रम बदलून पुन्हा बसवाव्यात. अंतर वेगळे असेल तर जुन्या पंख्याचा कनेक्टर तारेसकट कापून नव्याला सोल्डर करावा, आणि सोल्डर करण्याआधी हीटश्रिंकची (तापवल्यावर आक्रसणारी) नळी तारेत ओवायला विसरू नये.

दिव्यांच्या पंख्यांनी आणखी एक फाटा काढला. एआरजीबीचा (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येतो तो) प्लग 5 व्होल्टचा, तीन पिना आणि एक रिकामी जागा. साधा आरजीबी (सगळे दिवे एकाच रंगात) 12 व्होल्टचा, चार पिना. पहिला दुसऱ्यावर रेटला तर पंखा फिरत राहतो, दिवे मात्र जळतात.